दुमडलेले कोपरे

मावशी व्हायला बहीण लागते, आणि मावशीला बहीण नव्हती. तरी सत्तावीस वर्षं ती त्या अख्ख्या वस्तीची मावशी होती. माणसांची, कुत्र्यांची, मांजरांची, एका कासवाची आणि टपाल कचेरीतल्या कारकुनाच्या त्या खाष्ट पोपटाची, जो तिला बघितलं की "बस खाली" म्हणून ओरडायचा. जनावरांच्या दवाखान्यात दारातच तिचं टेबल होतं. नाव नोंदवणं, जनावर धरणं, फरशी पुसणं, मालकाला पाणी देणं आणि वेळ पडली तर मालकालाच धरणं, ही सगळी कामं तिची. मालक जनावरापेक्षा जास्त थरथरतात हे तिनं पहिल्या आठवड्यातच ओळखलं होतं.

खरं तर पहिल्या दिवशी थरथरली होती ती स्वतःच. ऑपरेशनच्या खोलीत रक्त बघितलं आणि बाईसाहेब आडव्या. त्यानंतर डॉक्टरांनी तिला महिनाभर त्या खोलीच्या उंबऱ्याबाहेरच उभं केलं. मग उंबऱ्याच्या आत, पण भिंतीशी. मग बादलीपाशी. टेबलाजवळ यायला तिला अर्धं वर्ष लागलं. डॉक्टरांचा आपल्यावर काडीचा विश्वास नाही, असं तेव्हा तिच्या मनानं घेतलं, आणि पुढे सगळं सुरळीत झालं तरी ती सल कुठेतरी राहूनच गेली. बोलून दाखवण्याएवढी मोठी नव्हती, विसरण्याएवढी लहानही नव्हती.

डॉक्टरांची एक पद्धत होती. प्रत्येक जनावराचं एक पुठ्ठ्याचं कार्ड, तळहाताएवढं, लाकडी कपाटाच्या खणात उभं लावलेलं. लिहिण्याचा त्यांना भारी कंटाळा. आजार दोन शब्दांत, औषध एका शब्दात. स्वभावाला मात्र पूर्ण ओळ. 'चावत नाही, पण तसं दाखवते.' 'मालकीण बोलू लागली की झोपतो.' आणि ज्याला भुलीचं औषध सोसत नाही, नेहमीच्या मात्रेनं झोपवलं तर जे उठणारच नाही, अशा जनावराच्या कार्डाचा उजवीकडचा वरचा कोपरा दुमडलेला. बस्स, एवढंच. त्याबद्दल कार्डावर एक अक्षर नाही. ऑपरेशनच्या वेळी कार्ड टेबलाशेजारी चिमट्याला लटकायचं. "हात ओले असतात, चष्म्यावर वाफ असते," डॉक्टर म्हणायचे. "लिहिलेलं वाचायला जावं लागतं. दुमडलेलं आपणहून दिसतं." कोपरा दिसला की औषध निम्मं, तेही थेंबाथेंबानं. कोपरा दुमडलेलं जनावर त्यांच्या टेबलावरून उठलं नाही, असं कधी झालं नाही.

मग डॉक्टरांच्या डोळ्यांनी दगा दिला. मधलं दिसेना, नुसत्या कडा दिसत. दवाखाना विकायचा म्हटलं तर तो विकत घेणं एकट्यादुकट्या डॉक्टरच्या आवाक्यातलं राहिलं नव्हतं. शेवटी कंपनी आली. कंपनीनं दीड वर्षात त्या शहरातले पाच दवाखाने घेतले, आणि शहाणपणा असा की पाटी एकाचीही बदलली नाही. एक बाई आपल्या दवाखान्यावर रुसून मांजर काखोटीला मारून तरातरा नदीपलीकडच्या दवाखान्यात गेल्या, दुसऱ्याचं मत घ्यायला. तिथल्या पोरीनं स्क्रीनवर बघून गोड हसून सांगितलं, "पुन्हा आपलं स्वागत आहे." बाई तशाच परत आल्या. मावशीला म्हणाल्या, "अहो, सासरहून रुसून माहेरी जावं तर तिथेही सासूच बसलेली!"

वाईट सगळंच होतं असं मात्र म्हणवत नाही. रक्ताचा अहवाल पूर्वी तिसऱ्या दिवशी यायचा, तो तासाभरात येऊ लागला. नवं क्ष-किरण यंत्र आलं. डॉक्टरांच्या जागी आलेली नवी डॉक्टरीण वयानं लहान, हातानं हळुवार होती. फक्त तिला एका जनावरामागे पंधरा मिनिटं मोजून मिळायची, आणि सोळाव्या मिनिटाला तिची स्क्रीन लाल व्हायची. ऑपरेशनं इथं बंद झाली. ती आता शहराच्या दुसऱ्या टोकाला कंपनीच्या मोठ्या हॉस्पिटलात. रोज सकाळी आठला व्हॅन यायची आणि पाची दवाखान्यांतली जनावरं गोळा करून न्यायची.

मावशीला वाटलं होतं, आता आपली उचलबांगडी. झालं उलटंच. तिला चाकांची खुर्ची मिळाली, गळ्यात अडकवायचं ओळखपत्र मिळालं, आणि आयुष्यात पहिल्यांदा पगारी रजा मिळाली. रजेचं करायचं काय हे न सुचल्यानं त्या दिवशीही ती दवाखान्यात येऊन बसली, ती गोष्ट वेगळी. मावशीचा एक दोष होता. तिला उपकार पचायचे नाहीत. कुणी पेलाभर पाणी दिलं तर ही हंडा भरून परत करायची.

म्हणून जेव्हा कंपनीचा मॅनेजर, ज्याला ती मनातल्या मनात टायवाला म्हणायची, तिला म्हणाला, "मावशी, जुनी कार्डं सगळी मशीनमधून संगणकावर घ्यायचीयेत, पण दुमडलेले कोपरे अडकतात हो, जरा सरळ करून देता का?" तेव्हा ती नुसती सरळ करून थांबली नाही. सव्वीसशे कार्डं खोक्यांत भरून घरी नेली. तीन आठवडे रोज संध्याकाळी, वर पातळ कापड टाकून, एकेक कार्ड उलटं ठेवून तिनं इस्त्री केली. उलटं का, तर शाई फिकी पडू नये. चालू जनावरांची केली, आणि कपाटातल्या सगळ्यात खालच्या खणातली, गेलेल्या जनावरांचीही केली. तो खण ती एरवी उघडायचीसुद्धा नाही, कारण उघडला की रडू यायचं. उलट्या कार्डांचं बरं असतं, नाव दिसत नाही.

दुमडीचा अर्थ तिच्याइतका कुणाला ठाऊक होता? पण हात कामाला लागले की डोकं सुट्टीवर जातं. शिवाय तिच्या मनात पक्कं बसलं होतं की महत्त्वाचं ते कार्डावर लिहिलेलं असणारच, कोपरा ही नुसती खूण. लिहिलेलं काही नव्हतं. खूण हीच नोंद होती, आणि तिनं ती गरम इस्त्रीनं साफ पुसून टाकली. टायवाल्यानं सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. "पाच शाखांत एवढी सरळ कार्डं कुठेच नव्हती," म्हणाला. तिला प्रशस्तिपत्र मिळालं. ते तिनं फ्रिजवर चिकटवलं.

त्याला तीन महिने झाले आणि एका सकाळी ड्रायव्हरकाका आले.

ड्रायव्हरकाकांनी तीस वर्षं शहरात बस चालवली होती, आणि निवृत्त झाल्यावर घरात त्यांच्याशी बोलायला एकच जण उरला होता. तो म्हणजे वकील. वकील हा कुत्रा. लहानपणापासून प्रत्येक गोष्टीवर त्याची हरकत असायची, दारावरच्या घंटेवर, शेजाऱ्याच्या छत्रीवर, कपात चमचा फिरवण्यावर, म्हणून ते नाव. आता तो नऊ वर्षांचा होता आणि त्याची एक दाढ सडली होती. दोन दिवस तो काही खात नव्हता. त्याहून वाईट म्हणजे दोन दिवस त्यानं कशालाही हरकत घेतली नव्हती.

आठच्या व्हॅननं वकील गेला. मालकांना व्हॅनमध्ये बसू देत नाहीत, तेव्हा काका मावशीच्या टेबलासमोर बसून राहिले. हातात संमतीपत्राची पावती. मावशीनं स्क्रीन बघितली. वजन ठीक, रक्त ठीक, हृदय ठीक, भूल देण्यास योग्य. सगळं हिरवंगार.

"काळजी करू नका काका," ती म्हणाली. "चारपर्यंत परत येतो तुमचा वकील."

"काळजी कुठे करतोय मी?" काका म्हणाले. पण त्यांच्या बोटांना ते कळवलेलं नसावं. बोटं त्या पावतीचा कोपरा दुमडत होती, उलगडत होती, पुन्हा दुमडत होती. उजवीकडचा, वरचा.

मावशी बघत राहिली. आधी नुसतीच बघत राहिली. मग तिला तो कोपरा ओळखू आला.

सात वर्षांपूर्वी वकिलानं रबरी चेंडू गिळला होता. डॉक्टरांनी त्याला झोपवला, आणि नेहमीच्या मात्रेवर त्याचा श्वासच थांबला. तीन मिनिटं. डॉक्टर नळीतून हवा देत होते आणि मावशीनं त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं होतं. तो परत आला. त्या दिवशी डॉक्टरांनी हात धुतले, कार्ड चिमट्यातून काढलं आणि कोपरा दुमडून त्यावर नख ओढलं. तो नखाचा आवाजसुद्धा तिला आठवला. आणि मग आठवली इस्त्री.

घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. तिनं फोन उचलला. हॉस्पिटलचा थेट नंबर कुणाकडेच नव्हता, सगळे फोन आधी कंपनीच्या एका लांबच्या कचेरीत जायचे.

"आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. लसीकरणासाठी एक दाबा. आहारासाठी दोन दाबा." तिनं हाताला लागेल ते दाबलं. बऱ्याच वेळानं एक माणूस बोलला. "आपल्या लाडक्याचा नोंदणी क्रमांक?"

"अहो, मी दवाखान्यातूनच बोलतेय! तिकडे एका कुत्र्याला भूल देतायत, ती थांबवायचीय."

"म्हणजे अपॉइंटमेंट रद्द करायचीय का?"

"रद्द नाही हो, भूल कमी द्यायचीय!"

"त्यासाठी आपल्याला आतल्या विनंतीचा फॉर्म भरावा लागेल. चोवीस तासांत उत्तर येतं."

मावशीनं फोन ठेवला. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. ती उठली, आणि सत्तावीस वर्षांत जे कधी केलं नव्हतं ते केलं. तपासणी चालू असताना दार न वाजवता आत शिरली. आत नवी डॉक्टरीण एका सशाचे दात बघत होती.

"मॅडम, माझ्या हातून घोळ झालाय," मावशी म्हणाली, आणि एका दमात सगळं सांगितलं. कोपरा, कार्ड, चेंडू, इस्त्री. सांगताना तिचं तिलाच ऐकू येत होतं की हे सगळं किती वेड्यासारखं आहे. कोपरा दुमडला होता म्हणून ऑपरेशन थांबवा!

डॉक्टरीणबाईंनी स्क्रीनवर वकिलाचं नाव उघडलं. हिरवंगार. मग त्यांनी मावशीकडे बघितलं. "तुम्ही स्वतः होता तिथे?"

"डोकं माझ्या हातांत होतं, मॅडम. तीन मिनिटं श्वास नव्हता."

डॉक्टरीणबाईंनी दुसरा प्रश्न विचारला नाही. तो ससा तशाच उघड्या तोंडानं त्याच्या मालकिणीच्या हातात दिला, खिशातून स्वतःचा मोबाईल काढला आणि तिकडच्या सर्जनला लावला. दोघं एका वर्गात शिकलेले. कंपनीच्या कुठल्याच फॉर्ममध्ये न बसणारी ती एक सोय होती. चौथ्या घंटीला त्यानं उचलला.

"वकील नावाचा कुत्रा कुठे आहे?"

"टेबलावर. सिरिंज भरलीय. का?"

"थांब. याला नेहमीची मात्रा सोसत नाही. मागे श्वास थांबला होता."

"रेकॉर्डमध्ये तसं काही नाही."

"रेकॉर्ड माझ्यासमोर उभं आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणि रडतंय."

पलीकडे सिरिंज ट्रेमध्ये ठेवल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "किती देऊ?"

डॉक्टरीणबाईंनी मावशीकडे बघितलं. "निम्मं," मावशी म्हणाली. "आणि थेंबाथेंबानं."

बाहेर येऊन मावशी ड्रायव्हरकाकांसमोर बसली. तिनं त्यांनाही सगळं सांगितलं, कारण आता अर्धं सांगून जमणार नव्हतं. काका ऐकत होते. पावती त्यांच्या हातात स्थिर झाली होती. मावशीला वाटलं आता हा माणूस उठून आपल्याला शिव्या घालील, आणि घातल्या तर बरंच होईल.

"मी तीस वर्षं बस चालवली," काका शेवटी म्हणाले. "चुकला नाही असा ड्रायव्हर मी बघितलेला नाही. प्रश्न एवढाच असतो, ब्रेक वेळेवर दाबला का. तुम्ही दाबलात?"

"दाबलाय. लागला का ते माहीत नाही."

"मग बसूया," काका म्हणाले.

बसले. सशाची मालकीण बाहेर आली, आणि तिला काय चाललंय ते कळलं होतं म्हणून घरी न जाता तीही बसली. पुढची अपॉइंटमेंट असलेला एक मांजरवाला आला, तोही बसला. आत डॉक्टरीणबाईंची स्क्रीन केव्हाची लाल झाली होती. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. मावशीनं सगळ्यांना पाणी दिलं आणि सगळ्यांचं देऊन झाल्यावर काकांनीच तिला खुर्चीत बसवून तिच्या हातात पेला दिला.

दहा चाळीसला डॉक्टरीणबाई फोन कानाला लावूनच बाहेर आल्या. त्यांचा चेहरा बघूनच सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. "तुमच्याशी बोलायचंय म्हणतो," त्यांनी फोन मावशीपुढे धरला.

"मावशी का?" सर्जनचा आवाज दमलेला होता. "अहो, निम्म्याच्याही आधी झोपला तो. पूर्ण मात्रा गेली असती तर..." त्यानं ते वाक्य तसंच सोडलं. "दाढ निघाली. उठलाय. आमच्या दिव्यावर भुंकतोय."

"त्याला हरकत असेल," मावशी म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून रडली. फोन काकांकडे गेला. काकांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि "उपकार झाले साहेब, उपकार झाले," एवढंच चारपाच वेळा म्हटलं. पलीकडून वकिलाचं भुंकणं बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू येत होतं.

फोन ठेवायच्या आधी सर्जननं आणखी एक विचारलं होतं. "मावशी, मी दिवसाला वीस जनावरं झोपवतो. एकाशीही ओळख नसते. असे आणखी किती आहेत?"

किती आहेत? मावशीला दहाबारा आठवत होते. बाकीचे सव्वीसशे कार्डांत कुठेतरी, सगळ्यांसारखेच सरळ. कार्डं सामानाच्या खोलीत खोक्यांत होती. संगणकावर घेऊन झालेली कार्डं फाडून टाकायला न्यायचा दिवस ठरला होता, सोमवार. मावशीनं एक कार्ड खिडकीशी धरून बघितलं. सुरकुती दिसे न दिसे. बोट फिरवून बघितलं, पण फिनाईलनं राठ झालेल्या तिच्या बोटांना काही लागेना.

"ज्यांनी दुमडलीत त्यांनाच विचारू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

रविवारी दवाखाना बंद असतो. डॉक्टरीणबाई सुट्टी सोडून आल्या, ड्रायव्हरकाका डॉक्टरांना त्यांच्या घरून हाताला धरून घेऊन आले, आणि वकील सुजलेल्या गालानं मागोमाग आला. मावशी दारातच उभी होती. काय बोलायचं हे तिनं चार दिवस घोकलं होतं.

"डॉक्टर, मी तुमचे सगळे कोपरे..."

"कळलं मला," डॉक्टर म्हणाले. "चूक तुमची कशी? मी लिहायचा कंटाळा केला आणि तुम्ही कामाचा केला नाहीत. खोकी कुठायत?"

ते तिच्या चाकांच्या खुर्चीत बसले. मावशी एकेक कार्ड त्यांच्या हातात द्यायची. ते उजव्या वरच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवायचे आणि परत द्यायचे. डोळे गेल्यापासून दोन वर्षं त्यांचे डोळे म्हणजे ती बोटंच होती. नुसतं कार्ड, नुसतं कार्ड, नुसतं कार्ड. मग अंगठा थांबला.

"ही एक. इस्त्रीनं घडी जाते हो, सुरकुती जात नाही. वाचा."

मावशीनं वाचलं. एक करडी मांजर, पाच वर्षांची. डॉक्टरीणबाईंनी संगणकावर ते नाव उघडलं आणि मग कपाळाला हात लावला. 'भुलीबाबत सूचना' असा रकानाच त्या प्रोग्रॅममध्ये शाखेला उघडत नव्हता, तो मुख्य कचेरीतून भरावा लागे आणि त्यालाही फॉर्म होता. शाखेला बदलता येत होतं ते फक्त जनावराचं नाव.

"मग आडनाव द्या," डॉक्टर म्हणाले.

"कुठलं?"

"दुमडे."

डॉक्टरीणबाई इतक्या हसल्या की वकिलानं हरकत घेतली. पण त्यांनी ते नाव घातलं, आणि सर्जनला मोबाईलवर कळवलं. दुमडे दिसला की निम्मं, थेंबाथेंबानं. पुढे ते इतकं रुळलं की नदीपलीकडच्या शाखेतूनही विचारणा होऊ लागली, आमच्याकडेही एक दुमडे निघालाय, काय करू? टायवाल्यानं एकदा यादी बघून मावशीला विचारलंच, "या दुमड्यांकडे एवढी जनावरं कशी हो?" मावशी म्हणाली, "मोठं कुटुंब आहे." मग तिनं त्याला खरं ते सांगितलं, इस्त्रीसकट, आणि प्रशस्तिपत्र त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं ते परत घेतलं नाही. टाय सैल केला, थोडा वेळ खाली बसला, आणि दोन महिन्यांत पाचही दवाखान्यांच्या स्क्रीनवर भुलीच्या सूचनेचा लाल चौकोन आला, उजवीकडे, वर, कोपऱ्यात. मावशीनं त्याला टायवाला म्हणायचं सोडलं. आता ती त्याला साहेब म्हणते, मनातल्या मनातसुद्धा.

पण ते पुढचं. त्या रविवारी दुपारपर्यंत चालू जनावरांची खोकी संपली. त्रेचाळीस दुमडे सापडले. ड्रायव्हरकाकांनी सगळ्यांना चहा आणून दिला. उरलं होतं एकच खोकं, सगळ्यात खालच्या खणाचं.

"हे राहू द्या डॉक्टर," मावशी म्हणाली. "हे सगळे गेलेले. त्यांना आता कसली भूल?"

"द्या हो," डॉक्टर म्हणाले. "भेटून घेतो सगळ्यांना."

तिनं ती कार्डंही एकेक करून दिली, नावांकडे न बघता. डॉक्टरांचा अंगठा आता सावकाश फिरत होता. काही कार्डं ते उगाचच जरा जास्त वेळ धरून ठेवत. खोक्याच्या तळाशी आल्यावर एका कार्डावर अंगठा थांबला, पुढे गेला, परत आला.

"ही एक. वाचा."

मावशीनं चष्मा सारखा केला. अक्षर डॉक्टरांचंच, शाई तपकिरी पडलेली, तारीख सत्तावीस वर्षांपूर्वीची. ती वाचायला लागली आणि थांबली.

"काय नाव घालू?" डॉक्टरीणबाई संगणकापाशी वाट बघत होत्या.

"मोठ्यानं वाचा ना," डॉक्टर म्हणाले. "मला कुठे दिसतंय?"

मावशीनं वाचलं. "जनावर, या रकान्यात लिहिलंय, नवी मदतनीस. आजार... रक्त बघून चक्कर. स्वभाव..." काकांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "स्वभाव... पडतानाही हातातलं मांजर सोडलं नाही. उद्या आली तर कायमची ठेवायची."

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. "आहे होय अजून ते," म्हणाले. "मला वाटलं, गहाळ झालं."

"आणि याचा कोपरा? याचा कशाला दुमडलात?"

"कशाला म्हणजे?" डॉक्टरांना त्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "सोसणार नाही म्हणून. एकदम टेबलापाशी आणलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी आला नसतात. आधी उंबरा, मग भिंत, मग बादली."

सत्तावीस वर्षं जी सल तिनं जपली होती, तिची ही गत. मावशी हसायला गेली आणि रडली, रडायला गेली आणि हसली. मग तिनं ते कार्ड टेबलावर ठेवलं, उजवीकडचा वरचा कोपरा जुन्या सुरकुतीवर पुन्हा दुमडला, आणि डॉक्टरांना ऐकू जाईल अशा बेतानं त्यावर नख ओढलं.